मोझेलकर्न गावातून एल्ट्सचा किल्ला: दिवस कसा आखायचा, वाट कुठून धरायची आणि कुठे चुकतं

जर्मनीत मोझेल नदीजवळच्या दरीत असलेल्या एल्ट्सच्या किल्ल्याला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींकडून एकच गोष्ट ऐकू येते. फ्रँकफुर्टहून अकराला गाडी काढली, एकच्या सुमारास वरच्या पार्किंगला पोहोचलो, तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो, आत घाईघाईने फिरलो, परतीच्या चढावर आई-बाबांना धाप लागली आणि खाली गावात उतरलो तर जेवायला काहीच उघडं नाही. किल्ला सुंदर, पण दिवस वैतागाचा. यात किल्ल्याचा दोष काहीच नसतो, दिवसाचा क्रम चुकलेला असतो.

पुढे लिहिलंय ते रेल्वेने मोझेलकर्नला उतरून, ओढ्याकाठच्या पायवाटेने किल्ल्यावर जाऊन, शेवटी गाव पाहणाऱ्यांसाठी. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांच्यासाठीची सोय वेगळी आहे, तीही मधे येईल.

## आधी जागेचा आकार डोक्यात बसवा

सह्याद्रीची सवय इथे उलटी पडते. आपल्याकडे किल्ला म्हणजे वर. पायथ्याच्या गावातून मान वर करून बुरूज शोधायचा आणि चढायला लागायचं. एल्ट्स मात्र खोल दरीत लपलेला आहे. एल्ट्सबाख नावाच्या ओढ्याने तिन्ही बाजूंनी वळसा घातलेला एक कातळ, उंची साधारण 70 मीटर, त्यावर किल्ला आणि सभोवती त्याहून उंच, दाट झाडीचे उतार. जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही.

या दरीला दोन तोंडं आहेत. एक वर पठारावर, वीरशेम गावाच्या बाजूला. मोटारीने येणारे तिथल्या अंटोनियुसकापेले पार्किंगला थांबतात. दुसरं खाली, जिथे ओढा मोझेल नदीला मिळतो ते मोझेलकर्न.

वीरशेमकडून आलात तर जाताना उतार आणि दमून परतताना चढ. मोझेलकर्नहून आलात तर सकाळी ताज्या पायांनी चढ आणि परतीला उतार. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मा वैताग वाचेल.

## टप्पा 1: दिवस निवडणं (आठवडाभर आधी)

किल्ला हिवाळ्यात बंद असतो. हंगाम साधारण 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर, आणि या काळात तो रोज उघडा असतो, सोमवारीसुद्धा. नेमक्या वेळा किल्ल्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या फोटोवरून अंदाज बांधू नका. ‘नाताळात बर्फातला एल्ट्स बघू’ असा बेत करणारे दरवर्षी भेटतात. बाहेरून दिसेल, दार बंद असेल.

मला विचाराल तर मे महिन्यातला किंवा सप्टेंबरअखेरचा आठवड्याच्या मधला वार. जोडसुट्ट्या टाळा. हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम हे दोन सण गुरुवारी येतात, शुक्रवारची रजा टाकून निम्मा देश बाहेर पडतो आणि त्यातले बरेच जण याच दरीत येतात असं वाटतं.

गावाच्या दृष्टीने दिवस निवडताना आणखी एक गोष्ट पाहा. खेड्यातल्या खानावळींना आठवड्यातून एक-दोन दिवस ‘रुहेटाग’, म्हणजे सुट्टी असते, आणि ती बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी. रविवारी खानावळ उघडी, पण दुकानं बंद. पाण्याची बाटली रविवारी गावात घेऊ म्हणणारा तहानलेलाच फिरतो.

एरवी बंद असणारी जुनी घरं, गिरण्या, चॅपेलं आतून पाहायची असतील तर सप्टेंबरचा दुसरा रविवार धरा. 1993 पासून त्या दिवशी जर्मनीभर ‘टाग डेस ओफेनेन डेंकमाल्स’ पाळतात आणि अनेक ठिकाणी मालक स्वतः वास्तू फिरवून दाखवतात. कोणती वास्तू उघडणार याची यादी आधी प्रसिद्ध होते. त्यात नाव नसेल तर दार वाजवू नका, ते कुणाचं तरी राहतं घर असतं.

## टप्पा 2: गाडी आणि तिकीट (आदल्या दिवशी)

आधी परतीची गाडी ठरवा, मग जाण्याची. उलटा क्रम लावलात की संध्याकाळी धावपळ ठरलेलीच.

कोब्लेंट्सहून ट्रियरकडे जाणाऱ्या मार्गावर मोझेलकर्न आहे, कोब्लेंट्सपासून सुमारे 35 मिनिटं. पण इथे थांबते ती आरबी 81, साधारण तासाला एक. त्याच रुळांवरून धावणारी जलद आरई मोझेलकर्नला थांबत नाही. पहिल्या खेपेला मी प्लॅटफॉर्मवर उभी होती ती गाडी पकडली, खिडकीतून मोझेलकर्नची पाटी सर्रकन मागे जाताना पाहिली आणि कोखेमला उतरून उलटी आले. सकाळचा सव्वा तास गेला. गाडीत पाय ठेवण्याआधी डब्यावरचा क्रमांक वाचा.

फ्रँकफुर्टहून प्रादेशिक गाड्यांनी आलात तर तीन तास धरा. म्हणजे सहाच्या सुमारास निघणं, नाहीतर आदल्या रात्री कोब्लेंट्सला किंवा गावातच मुक्काम. ज्येष्ठ बरोबर असतील तर मुक्कामच करा. पहाटे चारला उठवून नेलेले बाबा दुपारी दोनला काहीही बघत नाहीत.

तिकिटाच्या तीन चुका वारंवार होतात:

- डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांना चालणारं तिकीट, व्यक्तीच्या नावावर असतं. तुमच्या तिकिटावर आई-बाबा बसू शकत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मोठ्या पाहुण्यांना लागतं.
- पाहुण्यांसाठी डॉइचलांडटिकेट काढलंत तर ते मासिक वर्गणीचं असतं. महिनाअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. आई-बाबा पुण्याला पोहोचले, आणि इथे पैसे कापले जातच राहिले, ही गोष्ट काल्पनिक नाही.
- चार-पाच जण एकत्र असाल तर राइनलांड-फाल्त्स राज्याचं दिवसाचं गटतिकीट स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. लवकरच्या गाडीला उपयोगाचं नाही. आणि ते आपल्या स्टेशनपासून लागू आहे का, हेही घेण्याआधी पाहा.

तपासणी: परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहिल्या का? एक हवी ती आणि एक तिच्या नंतरची. कागदावरच लिहा, कारण दरीत मोबाइलची रेंज कधीही जाते.

## टप्पा 3: पिशवी आणि पाय

अंतर फार नाही. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत एका बाजूने सुमारे पाच किलोमीटर, रमतगमत दीड तास. ‘राजगड केलाय, हे काय’ म्हणून लोक साध्या कॅनव्हासच्या बुटात येतात आणि घसरतात. इथला दगड पाटीचा, आपण शाळेत ज्यावर लिहायचो तसला थरांचा. कोरडा असताना बरा असतो. पाऊस पडून गेला की, किंवा ऑक्टोबरात त्यावर ओली पानं बसली की तो साबणासारखा होतो. खाचांचे तळवे असलेले बूट घाला. ज्येष्ठांना एक काठी द्या, ते नको म्हणतील तरी द्या.

बाकी सामान थोडकं ठेवा. पाणी माणशी दीड लिटर, कारण गाव सुटल्यावर किल्ल्यापर्यंत भरवशाचं ठिकाण नाही. पावसाचं पातळ जॅकेट. रोख रक्कम, नाणी धरून, कारण गावात कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही. डाउनलोड केलेला नकाशा. पूर्ण बाह्या आणि पूर्ण लांबीची विजार, याचं कारण शेवटच्या टप्प्यात कळेल. आणि डबा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, जे टिकेल ते.

बाबागाडी आणू नका. पहिला निम्मा रस्ता सरळ आहे म्हणून लोक फसतात, पुढे मुळं आणि दगड सुरू होतात. बाळ असेल तर पाठीवर बांधायची झोळी हवी.

इशारा: ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना या वाटेने नेऊ नका. त्यांच्यासाठी वीरशेमचं वरचं पार्किंग बरं. तिथून खाली किल्ल्यापर्यंत हंगामात लहान बस ये-जा करते, तिचं तिकीट जागेवर मिळतं. गटातले दोघे वरून आणि बाकीचे खालून, किल्ल्याच्या दारात भेट, असं ठरवायला काहीच हरकत नाही. मात्र भेटीची वेळ आणि जागा आधीच ठरवा, फोनवर विसंबू नका. आतल्या दौऱ्यातही जिने आहेत, हे त्यांना सांगून ठेवा.

## टप्पा 4: स्टेशन ते गिरणी

उतरलात की गावात रेंगाळू नका. मोह होतो: अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटीची घरं, दाराशी गुलाब. सगळं परतीला पाहायचंय. सकाळचा वेळ किल्ल्याचा.

‘बुर्ग एल्ट्स’ असं लिहिलेल्या पाट्या धरून ओढ्याच्या बाजूने गावाबाहेर पडा. मोझेल नदी आपल्या पाठीमागे राहिली पाहिजे. ती शेजारून वाहताना दिसत असेल तर दिशा चुकली. पुढचा रस्ता डांबरी, जवळपास सपाट, रिंगेलश्टाइनर म्यूले या जुन्या गिरणीपर्यंत जातो. मोटारींना तिथपर्यंत येता येतं, पुढे नाही.

तपासणी: गिरणीपाशी थांबून बुटांच्या नाड्या घट्ट करा, पाणी प्या. खरी पायवाट इथून सुरू होते.

## टप्पा 5: ओढ्याकाठची पायवाट

गिरणीपासून किल्ला सुमारे अडीच किलोमीटर, पाऊण तास. वाट ओढ्याच्या संगतीने जाते, कधी त्याच्या पातळीवर, कधी बरीच वर. चुकण्यासारखं फार नाही, पण चुका होतात, आणि त्या बहुतेक खुणांच्या वाचनातल्या.

या दरीत एकाहून अधिक आखलेल्या वाटा एकमेकींत मिसळतात. पेर्लपासून कोब्लेंट्सपर्यंत 365 किलोमीटर जाणारी, 24 टप्प्यांची मोझेलश्टाइग आहे. पठारावरच्या वीरशेमहून निघून तिथेच परतणारी ‘एल्ट्सर बुर्गपानोरामा’ ही साडेबारा किलोमीटरची फेरी आहे. प्रत्येकीची खूण वेगळी. काही अंतर दोन्ही खुणा एकाच झाडावर दिसतात आणि मग वाटा फुटतात. लोक ‘खूण आहे ना’ म्हणून चालत राहतात, पण ती दुसऱ्याच वाटेची असते. आपली खूण कोणती ते निघतानाच ठरवा आणि प्रत्येक फाट्यावर तीच शोधा. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे जाऊन बघू म्हणू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

हा सगळा पट्टा संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. वाट सोडून ओढ्यात उतरणं, आग पेटवणं, ड्रोन उडवणं चालत नाही. आपल्याकडे दरीत पोहोचलो की एक आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकायची रीत आहे. इथे समोरून येणारा प्रत्येकजण हळू आवाजात ‘हालो’ किंवा ‘मॉर्गेन’ म्हणून जातो. उत्तर द्या. तेवढाच आवाज पुरतो.

वाटेत हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि खाली क्रमांक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. तो बचावदलासाठीचा ‘रेटुंग्सपुंक्ट’. पाय मुरगळला तर 112 ला फोन करून ‘जंगलात आहोत, ओढा दिसतोय’ असं सांगण्यापेक्षा तो क्रमांक सांगा.

शेवटी पायऱ्या लागतात, आणि एका वळणावर किल्ला एकदम अंगावर येतो. खालून, मान वर करून पाहिलेला. वरून मोटारीने येणाऱ्यांना हे दृश्य मिळत नाही, त्यांना तो पायाखाली दिसतो.

## टप्पा 6: किल्ल्यात काय आधी, काय नंतर

पोहोचल्या पोहोचल्या फोटो काढत बसू नका. आधी तिकीट. आतला भाग वाटाड्याबरोबरच, गटाने पाहायचा असतो. दौरा चाळीस मिनिटांच्या आसपास. इंग्रजी दौरे असतात. तिकीट घेतानाच पुढचा कधी ते विचारा, नाहीतर जर्मन गटामागे उभं राहून चाळीस मिनिटं माना डोलवाव्या लागतात. आत फोटो काढायला बंदी आहे. मोबाइल खिशात ठेवा, वाटाड्याची बोलणी खाऊ नका.

दौऱ्यात काय पाहायचं हे आधी माहीत असेल तर हाती जास्त लागतं. हा एका राजाचा किल्ला नाही. एकाच घराण्याच्या तीन शाखा, केंपेनिख, र्‍युबेनाख आणि रोडेनडोर्फ, एकाच अंगणाभोवती आपापली घरं उभी करून राहिल्या. वाडा एक, चुली तीन. कोकणातल्या सामाईक घराचा हिशेब ज्याने पाहिलाय त्याला हे फोड करून सांगायला नको. म्हणून आत गेलात की ‘आता कुणाच्या घरात आहोत’ हे विचारत राहा. सभागृहात भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत आणि दारावर गुलाब. मुखवटे म्हणजे इथे कुणीही मोकळं बोलावं, गुलाब म्हणजे बोललेलं बाहेर जाऊ नये. भाऊबंदकीवर याहून चांगला तोडगा मी पाहिलेला नाही. पंधराव्या शतकातलं स्वयंपाकघर सोडू नका. शौचकूपांबद्दलही विचारा. किल्ल्यात ते विसेक होते.

दौरा संपल्यावर खजिन्याचं दालन आपलं आपण पाहायचं. लोक थकून ते गाळतात, पण तिकिटात ते धरलेलं असतं.

मग बाहेर येऊन फोटो. घाई नको, आणि थोडं वरच्या अंगाला चढून समोरच्या उतारावरचे ट्रुट्सएल्ट्सचे पडके दगड पाहा. ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन याने 1331 पासूनच्या वेढ्यात एल्ट्सवर मारा करण्यासाठी हा छोटा किल्ला मुद्दाम बांधला. तिथून खाली पाहिलं की वेढा कसा चालला असेल ते एका नजरेत कळतं. आपल्या चश्म्यातून सांगायचं तर मेट बांधून गड कोंडण्याचा प्रकार. अवशेषांवर चढू नका, दगड सुटे आहेत.

डबा इथेच खा, पण किल्ल्याच्या उपाहारगृहाच्या टेबलांवर नाही. तिथे बसायचं तर तिथलं घ्यावं लागतं. स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढे गावापर्यंत नाही.

तपासणी: घड्याळ पाहा. परतीला दीड तास, गावाला किमान एक तास. हे जमत नसेल तर निघा.

## टप्पा 7: परतीची वाट

आल्या वाटेने परतणं ही सोपी आणि बहुतेकांसाठी बरोबर निवड. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो आणि लक्ष सैल होतं. घसरणारे बहुतेक परतीलाच घसरतात.

दम उरला असेल आणि दिवस मोठा असेल तर मोझेलश्टाइगने ट्राइस-कार्डेनला उतरता येतं. अडीच-तीन तास हाताशी हवेत. बक्षीस म्हणून कार्डेनजवळच्या उतारांवर रानटी बॉक्सवुडची झाडी आणि गावात ‘मोझेलचं डोम’ (कॅथेड्रल) म्हणून ओळखलं जाणारं संत कास्टोरचं चर्च. ट्राइस-कार्डेनला स्टेशन आहे, त्यामुळे मोझेलकर्नला परत यायची गरज नाही. पण मग मोझेलकर्न गाव हुकतं. दोन्ही एका दिवसात करू नका.

इशारा: दरीत अंधार लवकर उतरतो. आकाश उजळ असलं तरी ऑक्टोबरात चार-साडेचारनंतर झाडीखाली पायाखालचं नीट दिसत नाही.

## टप्पा 8: गाव वाचणं

आता मोझेलकर्न. इथे तिकीट नाही, वाटाड्या नाही, म्हणून लोक दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणतात. घाई न करता चार गोष्टी शोधा.

नदीकडच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा असतात, शेजारी वर्ष लिहिलेलं. मोझेलकाठच्या गावांत डिसेंबर 1993 आणि जानेवारी 1995 च्या रेषा बऱ्याच ठिकाणी सापडतील. एखाद्या रेषेशेजारी उभं राहून आपली उंची मोजा. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको.

दुसरं, 16 व्या शतकातलं लाकडी चौकटीचं जुनं राटहाउस, म्हणजे गावाचं सभागृह. लाकडं कशी एकात एक बसवलीत ते खालून पाहा. तिसरं, वाटेवरचे दगडी क्रॉस. लॅटिन ओळीत मधेच काही अक्षरं मोठी कोरलेली दिसली तर ती रोमन अंक समजून बेरीज करा, बांधल्याचं वर्ष निघतं. मुलांना हा खेळ फार आवडतो. चौथं चर्च. दार उघडं असेल तर आत जा, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

नदीपलीकडचा नाही, याच काठावर थोडं पुढे, बुरुजावर पांढरा पट्टा असलेला बिशोफश्टाइनचा किल्ला आहे. तो क्रेफेल्डच्या एका शाळेचं शिबिरघर आहे. बाहेरून पाहा, फाटकातून आत शिरू नका.

खाण्याचं: खानावळींचं स्वयंपाकघर दुपारी दोन ते पाच बहुधा बंद असतं. केक-कॉफी मिळते, जेवण नाही. दारावर केरसुणी किंवा हिरवी माळ टांगलेली दिसली तर ती द्राक्षबागाइतदाराची हंगामी बैठक, ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’. वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त ती चालवता येत नाही, म्हणून उघडी सापडली तर आत जा. शाकाहारींनी ‘ओहने फ्लाइश’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणून थांबू नये. बटाट्याच्या सुपात, परतलेल्या बटाट्यांत, फ्लामकूखेन या पातळ भाजलेल्या पोळीवर डुकराच्या चरबीचे तुकडे असतात आणि पुष्कळांच्या लेखी ते ‘मांस’ नसतं. ‘ओहने श्पेक’ (चरबीच्या तुकड्यांशिवाय) हे दोन शब्द वेगळे म्हणा.

द्राक्षबागांतून चालायला हरकत नाही, घड तोडायला आहे. एकसुद्धा नको. तोडणीच्या दिवसांत बागेतल्या वाटा बंद असतात, पाटी असेल तर मागे फिरा.

## टप्पा 9: रात्री घरी

अंघोळीआधी गोचीड शोधा. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, मुलांच्या कानामागे आणि केसांत. आकार तिळाएवढा, कधी त्याहून लहान. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, गोंद, काडी पेटवून चटका, हे गावाकडचे उपाय इथे करू नका, त्याने धोका वाढतो. जागेचा फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा आणि ‘त्सेकेनबिस’ (गोचीड चावणं) हा शब्द आधी सांगा. आई-बाबा तोवर भारतात परतणार असतील तर तो फोटो आणि ती तारीख त्यांच्याबरोबर पाठवा, कारण तिकडच्या डॉक्टरच्या मनात गोचिडीपासून होणारा लाइम आजार सहसा पहिल्यांदा येत नाही.